शेवटची ओळ पुढच्या वसंतात

कुरेसावा गावाच्या ओढ्यापलीकडे जे साकुराचं, म्हणजे जपानी चेरीचं, झाड आहे, त्याच्या फांद्या वर जातच नाहीत. बाईने डोक्यावरून पदर ओढून घ्यावा तशा त्या थेट जमिनीपर्यंत खाली आल्या आहेत. वसंतात फुलं लागली की आतल्या माणसाला बाहेरचं दिसत नाही आणि बाहेरच्याला आतला माणूस दिसत नाही. फोटो काढायचे ते खुशाल काढा, मंडळी. फक्त खोडाशी ठेवलेल्या त्या लाकडी खडावांना हात लावू नका आणि इथे एकमेकांना नावाने हाका मारू नका. हसा, हसा. पहिल्यांदा सगळेच हसतात. या गोष्टीतही सगळा घोटाळा हसण्यानेच झाला.

असं सांगतात, की पूर्वी जपानच्या या डोंगराळ मुलखात अंध गायिका गावोगाव हिंडत. बर्फ वितळून वाटा मोकळ्या झाल्या की त्या येत. त्यांच्यातली एक ओतोसे. पाठीवर शामिसेन, म्हणजे तीन तारांचं लांब मानेचं वाद्य, आणि हातात काठी. या गायिकांची एक रीत होती. ज्या गावात गायचं, तिथल्याच कुणाचं तरी नाव गाण्यातल्या नायकाला द्यायचं. मग तो माणूस आठवडाभर मिशा पिळत फिरे आणि गायिकेला जेवणात दोन घास जास्त मिळत. पण एका गाण्यात नाव घालायचं नाही, असा ओतोसेच्या गुरुबाईंचा सक्त हुकूम होता. ते गाणं वसंताचं. त्यात साकुराचं झाड स्वतःसाठी नवरदेव बोलावतं. त्या नवरदेवाला गायचं नुसतं ‘कुणी एक’.

“का हो?” असं ओतोसेने लहानपणी विचारलं, तेव्हा गुरुबाईंनी टपली मारली होती.

कुरेसावात कान्रोकु नावाचा एक लाकडी पिंपं बनवणारा होता. एका पायाने अधू. खडावा घालून चालला की आवाज यायचा खट्‌-सर्र, खट्‌-सर्र. गावातला एक नंबरचा वात्रट. मेल्याचं सोंग घेऊन स्वतःच्या मयताचं जेवण जेवून उठलेला माणूस! त्याच्यावर विश्वास ठेवणारं कुत्रंही गावात उरलं नव्हतं. ओतोसे आली की तो तिच्या शामिसेनच्या सैल झालेल्या खुंट्या ठोकून द्यायचा आणि म्हणायचा, “बाई, गळा झकास आहे तुमचा. मला तुमचा चेहरा दिसतो आणि तुम्हाला माझा दिसत नाही, म्हणून तर आपलं जमतं.” ओतोसे त्याला काठी दाखवायची. पण डोंगर चढताना ती कान लावायची तो त्या खट्‌-सर्रसाठीच.

त्या वर्षी हिवाळा फार लांबला होता, म्हणे. घरोघरी कुणी ना कुणी गेलेलं. लोक हसणं विसरले होते. दिवस कलताना ओढ्याच्या अलीकडे चटया अंथरल्या, ओतोसेने वसंताचं गाणं सुरू केलं, तोच कान्रोकु ओरडला,

“बाई, त्या ‘कुणी एका’च्या जागी माझं नाव घाला! आजवर मला कुणी पोरगी दिली नाही. झाड तरी हो म्हणतं का बघू!”

“भाऊजी, झाडही नाही म्हणेल,” त्याची वहिनी ओमासा म्हणाली आणि चटयांवर हशा पिकला.

कितीतरी दिवसांनी गाव हसत होतं. ते हसू ओतोसेला मोडवेना. गुरुबाईंची आपली उगाच भीती, असं तिने मनात म्हटलं आणि गायली,

“उठला चटईवरून कान्रोकु,
वाऱ्याने हाक दिली.”

कान्रोकु उठला. लोकांनी टाळ्या पिटल्या. काय सोंग घेतो बघा!

ओतोसेने मात्र कान टवकारले. खट्‌, खट्‌, खट्‌. मधलं ते सर्र कुठे गेलं? फरफटणारा पाय नीट उचलून पडत होता, अगदी तिच्या तालावर. तिने ताल संथ केला. पावलं संथ झाली. तिने तारांवर पंजा दाबला. गाणं थांबलं.

पावलं थांबली नाहीत.

“अहो, अडवा त्याला!” ती ओरडली. “ते सोंग नाही!”

“बाईही सामील दिसतात,” कुणीतरी म्हणालं आणि लोक आणखीच हसले. त्यांचं तरी काय चुकलं? ज्याचं मयताचं जेवण एकदा वाढलं, त्याच्यामागे पुन्हा कोण धावणार?

आता ओढ्यापलीकडून गुणगुण येत होती. वारा पडलेला होता. पाकळ्या मात्र टप्‌ टप्‌ गळत होत्या, तालात. तिने थांबवलेलं गाणं झाडाने उचललं होतं. ओतोसे काठी टाकून धावली. ओढ्यावरच्या साकवाच्या ओल्या ओंडक्यांवर घसरली, गुडघे फुटले, खाली बर्फाचं पाणी गरजत होतं. पुढे पावलं, खट्‌, खट्‌. मग फांद्या सळसळल्या आणि तिच्या पाठीमागे मिटल्या. गावाचं हसू तुटल्यासारखं बंद झालं.

आत थंडी होती. चाचपडताना तिला कान्रोकुची बाही सापडली. बाहीतला हात खरखरीत लागला, सालीसारखा. तिने त्याच्या तोंडावर हात फिरवला. तो हसत होता, पण त्याचं नेहमीचं हसू ते नव्हतं.

आणि गुणगुण थांबली. एकही पाकळी पडेना. शेवटची ओळ उरली होती. नवरदेव मुळांवर डोकं टेकतो आणि माती त्याला पांघरूण घालते, अशा अर्थाची ती ओळ. तिचे शब्द इथे कुणी सांगत नाही, तुम्हीही विचारू नका. ती ओळ झाडाला म्हणता येत नव्हती. गाणं जिने सुरू केलं, तिच्याच तोंडून ती यायला हवी होती. झाड वाट पाहत होतं. ओतोसेच्या जिभेवर ती ओळ आपोआप चढू लागली. तिने दात आवळले. तोंडात रक्त आलं.

गप्प राहावं, तर कान्रोकुचं बोट न्‌ बोट लाकूड होत चाललेलं. ओळ गावी, तर तो गेलाच.

मग तिला, म्हणे, कान्रोकुसारखंच एक सोंग सुचलं.

ती खोडापुढे वाकून म्हणाली, “ओळ तुझीच आहे, मी नाकारत नाही. पण आज माझा गळा बसला बघ. बसलेल्या गळ्याने लग्न लावलेलं तुला चालेल का? पुढच्या वसंतात गाते. तोवर याला माझ्याकडे उसना दे.”

मग एक पाकळी तिच्या हातावर पडली. फांद्या हलल्या. बाहेरून ओमासाची हाक ऐकू आली, “भाऊजी, पुरे झाला चावटपणा, जेवायला या!” आणि ओतोसेच्या शेजारी आवाज झाला.

सर्र.

ती त्याच्या बाहीला धरून फांद्यांबाहेर आली, असं सांगतात. कान्रोकु अनवाणी घरी आला. खडावा मुळांनी धरून ठेवल्या होत्या.

पुढे दर वसंतात ओतोसे आली, गाणं शेवटच्या ओळीच्या अलीकडपर्यंत गायली आणि गळ्याला हात लावून मुदत मागून गेली. कधी खोकला, कधी पडसं. कान्रोकु म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात मेला. त्याच्यामागून ओतोसेही गेली. गावाला वाटलं, सुटलो. त्या वसंतात कुणीच गायलं नाही. दिवस कलताना ओमासाची नात चटईवरून उठली आणि ओढ्याकडे चालू लागली. खट्‌, खट्‌. एक माणूस उसना दिला होता, ते झाडाच्या लक्षात होतं. नेमका कोण दिला होता, ते त्याने कशाला लक्षात ठेवावं? सारं गाव धावलं. ज्याला जसं येत होतं तसं गायलं आणि गळे धरून झाडापुढे वाकलं. पोरगी साकवावरून माघारी आली.

आजही कुरेसावात वसंताचं गाणं गातात, नायक ‘कुणी एक’च असतो आणि शेवटची ओळ येताच सगळे खोकतात. ऐकायला मोठी गंमत वाटते, पण खोकणाऱ्यांचे चेहरे बघू नका. खोकून झालं की खडावांची नवी जोडी, तिचं तोंड गावाकडे करून, खोडाशी ठेवतात. सकाळी त्या खडावांचं तोंड झाडाकडे वळलेलं असतं. टवाळ पोरं फिरवत असतील. गावातले सगळे असंच म्हणतात, आणि अंधार पडल्यावर एकही आई आपल्या पोराला ओढ्यापलीकडे जाऊ देत नाही.

तेव्हा मंडळी, साकव ओलांडून परतताना गप्पा मारू नका. आपल्या पावलांचा आवाज ऐकत जा. वेडीवाकडी, बेताल पडत असतील, तर घरी पोचाल.