अठ्ठाविसाव्या किलोमीटरचा साक्षीदार

"बाबा, काल सकाळी इथून पळत गेले ती मीच होते ना?"

घाटातल्या दर्ग्याच्या ओट्यावर म्हातारा फकीर बसला होता. त्याने मान वर केली. समोर पंचेचाळिशी ओलांडलेली एक बाई उभी होती. तिच्यामागे दुसरी, एक पाय लांब करून दगडावर टेकलेली.

"पळत तर पुष्कळ गेले, बेटी."

"पिवळा शर्ट होता. तुम्ही मला पेलाभर पाणी दिलंत. मी अर्धं प्यायले, अर्धं डोक्यावर ओतलं."

फकिराने तिला नीट न्याहाळलं.

"हां... ती कुंदा."

"कुंदा नाही! मी वैजयंती. कुंदा ही." तिने मागे बोट दाखवलं.

दगडावरची बाई हसली. "सलाम, बाबा. आज परत आले. लंगडत."

"तुला तर लगेच ओळखलं," फकीर तिला म्हणाला. "तू वैजयंती."

"बघा! बघा!" वैजयंतीचा आवाज चिरकला. "हेच... हेच सगळीकडे झालंय."

झालं होतं ते असं. बार्शीच्या चौघी मैत्रिणी या डोंगरातल्या मॅरेथॉनला आल्या होत्या. चौघींनी एकाच रंगाचे शर्ट शिवून घेतले होते. आदल्या संध्याकाळी लॉजवर कुंदाने सगळ्यांचे नंबर शर्टांना लावून दिले. नंबराच्या कागदावर प्रत्येकीचं नाव ठळक छापलेलं, आणि पाठीमागे वेळ मोजणारी चिप. वैजयंती आणि कुंदाचं माप एकच. पहाटेच्या घाईत कुणी वाचून बघितलं नाही. कुंदाचं नाव वैजयंतीच्या अंगावर चढलं आणि वैजयंतीचं कुंदाच्या.

"बेचाळीस किलोमीटर पळाले, बाबा. पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांत तिसरी आले. वर्षभर साडेचारला उठून सराव केला. आणि कागदावर काय? कुंदा तिसरी. आणि वैजयंती... अठ्ठाविसाव्या किलोमीटरवर बाद."

"माझ्या पोटरीत गोळा आला ना," कुंदा म्हणाली. "इथेच बसले. बाबा तेलाची बाटली पुढे करून म्हणाले, वैजयंती, आता बस कर. मी इकडेतिकडे बघितलं. म्हटलं, ही कुठून उगवली? मग आपल्याच पोटाकडे बघितलं. एवढ्या कळा येत होत्या, तरी हसू आवरेना."

"तू हस. तुझं काय जातंय? माझ्या सासूबाईंनी सगळ्या आळीत सांगून ठेवलंय, आमची सून बेचाळीस किलोमीटर पळणार. आता सगळे फोनवर निकाल बघतील. वैजयंती बाद!"

वैजयंती फकिराकडे वळली.

"संयोजकांकडे गेले होते. ते म्हणाले, नंबर बदलून पळालं की दोघींची नावं कापायची, असा नियम आहे. पण चूक नकळत झाली असेल आणि कुणी खात्रीचा साक्षीदार असेल, तर विचार करू. म्हणून आलेय. तुम्ही मला बघितलंत. तेवढं लिहून द्या."

तिने पिशवीतून नंबराचा कागद काढून ओट्यावर ठेवला. चारही कोपऱ्यांना पिना तशाच होत्या.

फकिराने कागद उचलला. नाव वाचलं. खाली ठेवला.

"नऊ वर्षं ही शर्यत बघतो, बेटी. या चढावर सगळे चालायला लागतात. भलेभले. तू पळालीस... का?"

"कुंदा मागे होती म्हणून."

"दिसली?"

"दिसली नाही. पण लोक ओरडत होते ना सगळ्या रस्त्याने. पुलावर, शाळेपाशी, चहाच्या टपऱ्यांवर. 'चल कुंदा! अजून जोर लाव, कुंदा!' मला वाटलं, ही अगदी पाठीशी आलीय. थोडा वेग कमी केला की पुन्हा कुणीतरी ओरडायचं. मी पुन्हा पळायचे."

"मागे वळून नाही पाहिलंस?"

"हिंमत नाही झाली."

"मैत्रीण ना ती तुझी?"

उत्तर कुंदानेच दिलं.

"आठवीत असताना जिल्ह्याच्या खो-खो संघाची निवड होती, बाबा. मी हिला बाद केलं. मी गेले, ही राहिली. पाठीला नुसतं बोट लावलं होतं हो. अजून दुखतंय तिला."

"बोट नव्हतं. गुद्दा होता," वैजयंती म्हणाली.

"बरं बाई, गुद्दा."

घाटातून एक टेम्पो कण्हत वर गेला.

मग फकिराने विचारलं, "तर काल या चढावर तुझ्या मागे कोण होतं?"

"सांगितलं ना. कुं..."

ती थांबली.

"ही तर तुझ्यानंतर अर्ध्या तासानं आली," फकीर म्हणाला.

कुंदाने मान डोलावली.

"मीही ओरडलो होतो. शाबास, कुंदा. तू पेला टाकलास आणि सुटलीस."

वैजयंतीने ओट्यावरच्या कागदाकडे बघितलं. त्यावरच्या ठळक अक्षरांकडे. मग स्वतःच्या पोटाकडे, जिथे काल तो कागद होता.

कुंदाला वाटलं, आता ही रडणार.

ती हसली. आधी नाकातून, मग तोंडावर हात धरून, मग हात काढून. हसता हसता ओट्याच्या पायरीवर बसली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"मागे कुणी... कुणी नव्हतंच गं!"

"वैजू, श्वास घे. पाणी पी."

"आणि मी आठवीपासून..."

तिने एक लांब श्वास सोडला. बराच वेळ सोडत राहिली, जणू काल शेवटच्या रेषेपाशी तो सोडायचा राहून गेला होता.

फकिराने विचारलं, "लिहून देऊ?"

तिने डोळे पुसले. नको म्हणून मान हलवली.

फकिराने कागद जवळ ओढला. एकेक करत चारही पिना काढल्या. त्याच्या अंगावरची चादर खांद्याशी उसवली होती. त्याने ती चार पिनांनी सांधली आणि नुसता कागद परत केला.

वैजयंतीने तो कुंदापुढे धरला. "घे. तुझंच नाव आहे."

"मला नको गं बाई. तिसरा नंबर घेऊन घरी गेले तर उद्यापासून नवरा मला गिरणीत दळण घेऊन पळत पाठवेल."

"मग चल, संयोजकांना जे झालं ते सांगू. दोघींची नावं कापू देत."

"आणि तुझ्या सासूबाई?"

"त्यांनाही सांगेन. आळीत सांगायला याच्याहून चांगली गोष्ट त्यांना कुठली मिळणार?"

कुंदा तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वैजू... तो गुद्दाच होता. मुद्दाम मारला होता."

"माहितेय," वैजयंती म्हणाली. "ऊठ आता. त्या दोघी खाली स्टँडवर सामान धरून बसल्यात. बस चुकली तर शिव्या घालतील."

तिने कुंदाचा हात आपल्या खांद्यावर घेतला. दोघी उताराला लागल्या. काल जे अंतर वैजयंतीने मिनिटभरात मागे टाकलं होतं, त्याला आज पाच मिनिटं लागली. कुंदा दर चार पावलांनी थांबत होती. वैजयंतीही थांबत होती.

वळणाशी आल्यावर वैजयंतीने मागे वळून पाहिलं.

फकीर ओट्यावर उभा राहिला होता. खांद्यावरच्या पिना उन्हात चमकत होत्या. त्याने तिच्याकडे बघत हात उंच केला आणि काल ओरडला होता तसाच ओरडला:

"शाबास, कुंदा!"