येसूकाकूंची जास्वंद

"चोरी ती चोरीच ना, बुवा?" त्र्यंबक तणतणत आला.

सकाळ नुकती उजाडत होती. अंताजीबुवा गणपतीच्या देवळाच्या पायरीवर परडी झटकत बसले होते.

"काय गेलं तुझं?"

"दृष्टांत! विंचवाचा. मी गेल्या चतुर्थीच्या कीर्तनात सांगितला, आणि काल वरच्या आळीत सदूबुवाने तोच ठोकून दिला. माझं नाव नाही की काही नाही. वर लोक डोलत होते."

"आहेच तो चांगला. तुला शिकवला खरा, पण मीही तो एका गोसाव्याकडनं उचलला होता."

त्र्यंबक जरा अडखळला... पण राग मोठा.

"ते काही असो. मी आता कीर्तनाला उभाच राहणार नाही. घसा मी कोरडा करायचा आणि लुटायचं जगाने!"

आता बघा, त्याच संध्याकाळी माघातल्या उत्सवाचं कीर्तन. बुवांचा आवाज म्हातारपणाने गेलेला, कीर्तनात पहिल्या रांगेपलीकडे ऐकू जाईना. हा उभा राहिला नाही, तर उत्सव मुकाच जायचा.

बुवा नुसते उठले. छत्री घेतली.

"चल, फुलं आणू."

"फुलं कसली, बुवा! मनाला उभारी येईल असं काही दाखवा. नदी, डोंगर..."

"डोंगर लांब आहे. माझे गुडघे दुखतात."

निघाले आळीतून. कुणी सडा घालत होतं, कुणाची शेळी वाटेत आडवी. येसूकाकूंच्या भिंतीवरून जास्वंद रस्त्यावर ओणवलेली, लालभडक. बुवांनी छत्रीच्या मुठीने फांदी ओढली आणि लागले तोडायला.

"बुवा! काकूंना विचारलंत?"

"झोपल्यात त्या."

"अहो, मग ही..."

"परडी धर. कळ्यांना हात लावू नकोस, त्या उद्याच्या."

इतक्यात कडी वाजली. केरसुणी घेऊन येसूकाकू दारात!

"अगं बाई, त्र्यंबक? रात्री देवळात ज्ञान सांगतोस आणि सकाळी हे धंदे?"

"मी नाही हो काकू, हे बुवा..."

वळून बघतो तर बुवा भिंतीआड उकिडवे, तोंडाला उपरणं लावून.

काकूंनी त्याला धुतला, मग झाडाकडे वळल्या. "आणि ह्या मेलीला तरी काही आहे का? सगळी आळी रोज ओरबाडते. परवा वैतागून फांद्या छाटल्या, तर दुप्पट फुलली. निलाजरी कुठली!"

दार धाडकन लागलं.

बुवा गुडघे धरत उठले आणि झाडाला हात जोडले. तेवढ्यात पलीकडच्या अंगणातून एक बांगड्यांचा हात आला, फूल खुडलं, गुपचूप मागे गेला.

फांदी हलली, परत स्थिर झाली.

त्र्यंबक बघत राहिला... परडी तशीच हातात.

देवळापाशी आल्यावर हळूच म्हणाला, "बुवा, उभा राहतो मी संध्याकाळी. नवा दृष्टांत सुचलाय."

"हं."

"पण सदूबुवा यायचाच. हाही नेईल तो."

बुवांनी परडीतलं एक फूल त्याच्या कानाशी खोचलं.

"त्याला पुढे बसव. मागून त्याला नीट ऐकू येत नाही."