तेराव्या पोशाखाची घडी

"नदीकाठचं वाळवणाचं मैदान उद्यापासून आमचं!" सोनवडीच्या उदयभानराजांनी भर दरबारात जाहीर केलं. "तिथे दुसरा जामदारखाना बांधायचा. पहिल्यात आमचे कपडे मावत नाहीत!"

मावतील कसे? राजेसाहेब सकाळी एक पोशाख घालत, जेवायला दुसरा आणि जेवून लवंडायला तिसरा. तीनशे अंगरखे तर असे होते, की त्यांनी राजाचं अंग एकदाही पाहिलं नव्हतं! त्यांना ऐसपैस जागा हवी, म्हणून चाळीस परटांनी गावाचं धुणं वाळत घालायचं कुठे? स्वतःच्या डोक्यावर?

दरबारी मंडळी माना डोलवत होती. पुढे आली ती एकटी गोजरा परटीण. राजवाड्याचं धुणं तिच्याकडे असायचं, त्यामुळे राजाचे कपडे राजापेक्षा तिलाच जास्त ठाऊक होते.

"महाराज, मैदान गेलं तर आमच्या चुली बंद हुतील. त्यापरीस कापडं जरा कमी घ्या की!"

"आम्ही प्रयत्न करत नाही असं वाटतं तुला?" राजे चिडले. "दर पाडव्याला आम्ही ठरवतो. वर्षाला बारा पोशाख. तेरावा नाही म्हणजे नाही!"

"मग?"

"मग पंधरवड्याच्या आतच बारा होऊन जातात."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. झालं! राजांचा पारा चढला.

"एवढी शहाणी आहेस ना? येत्या पाडव्यापासून तूच आम्हाला बारावर थांबवून दाखव! पण आम्हाला कुणी 'नको' म्हणायचं नाही. कापडवाल्याची वाट अडवायची नाही. जामदारखान्याला कुलूप घालायचं नाही. तेरावा पोशाख आमच्या अंगावर चढला, की मैदान आमचं!"

"आन न्हाई चढला तर?"

"तर कायमचं परटांचं!"

गोजरानं क्षणभर विचार केला. "कबूल! पर एक मागनं हाय. नव्या कापडाची घडी मोडायचा मान आपन जिवाभावाच्या मानसाला देतो. आधी त्यानं घालायचं, मग आपन. तेराव्याची घडी कुनी मोडायची, ते मी ठरवनार."

"एवढंच?" राजांना वाटलं, बाई आपल्या नवऱ्याला एक दिवस मिरवून घेणार. घेऊ दे बिचारीला! "दिलं वचन!"

पाडवा आला. त्या वर्षी बारा पोशाख संपायला चक्क एकवीस दिवस लागले. महाराजांनी केवढा संयम पाळला, असं दिवाणजी ज्याला त्याला सांगत सुटले! बाविसाव्या दिवशी तेरावा शिवून आला. जांभळा जरीकाठी अंगरखा, तसाच शेला, तसंच पागोटं. राजांना कधी एकदा घालतो असं झालं.

"गोजरा! आण तुझा घडी मोडणारा!"

गोजरानं आणलं ते गाढव.

"ह्यो आमचा सर्जा. धा वर्सं तुमची कापडं वाहतोय. कधी तक्रार न्हाई. त्याच्यापरीस जिवाभावाचं कोन?"

राजे लालबुंद झाले. पण वचन भर दरबारात दिलेलं! सर्जाच्या पाठीवर अंगरखा चढला, गळ्यात शेला पडला, दोन कानांच्या मधे पागोटं बसलं आणि स्वारी बाजाराकडे निघाली.

आता सोनवडीत एक रिवाज होता, खुद्द राजांनीच पाडलेला. नवा पोशाख रस्त्यावर आला, की चोपदारानं पुढे ललकारी द्यायची आणि लोकांनी नजर जमिनीला लावून मुजरा करायचा. मान वर करील त्याला दंड! चोपदार बिचारा हुकमाचा ताबेदार. त्यानं घसा फाडून ललकारी दिली आणि अख्खा बाजार कमरेत वाकला. वाणी वाकला, सोनार वाकला, तेलीण तर टोपलीसकट वाकली. दिवाणजी पालखीतून उडी मारून खाली आले आणि सगळ्यांपेक्षा जास्त वाकले.

"वाहवा महाराज! जांभळा रंग काय खुलून दिसतोय आपल्याला! आणि चाल किती डौलदार!"

सर्जा ओरडला.

"आवाजसुद्धा आज कसा खणखणीत लागलाय!" दिवाणजी म्हणाले.

राजे सज्जातून सगळं बघत होते. त्यांनी गोजराला गाढवासकट वर बोलावलं.

"आमचा अपमान केलास तू!"

"मी कुनाला वाका म्हनाले न्हाई, महाराज. लोक कापडालाच मुजरा करत्यात. आत कोन हाय, ते आजवर कुनी बघितलंय?"

हे मात्र राजांना लागलं. चांगलंच लागलं. पण हार मानतील तर ते राजे कसले!

"घडी मोडून झाली ना? मग आता आम्हीच घालणार तो! आण इकडे! मैदान गेलं तुझं!"

चाळीस घरं गोजराच्या भरवशावर बसली होती. तरी तिनं शांतपणे सर्जाच्या पाठीवरचा अंगरखा काढला, झटकला आणि दोन्ही हातांनी राजांपुढे धरला.

"घाला की, महाराज! मी कशाला नको म्हनू? फकस्त बाजारातनं जाताना चोपदाराला तेवढं वरडून सांगाया लावा, की आज आत महाराज हायेत!"

राजांचा पुढे आलेला हात तिथेच थांबला. त्यांनी खाली पाहिलं. दिवाणजी अजून वाकलेलेच होते! मग मात्र राजांना जे हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना. हसता हसता ते सज्जाच्या कठड्याला टेकले आणि डोळे पुसत म्हणाले, "हरलो, बाई, हरलो!"

मैदानाची सनद त्याच दिवशी गोजराच्या हातात पडली आणि वर जामदारखान्यातले ते तीनशे कोरे अंगरखे परटांच्या चाळीस घरांत वाटले गेले. तेरावा पोशाख राजांनी दिवाणजींना बक्षीस दिला. आणि खरं सांगायचं, तर तो त्यांना फार शोभला!