राखेतला डोळा

फार फार मागे, हिंगोटे गावाला अजून वेसही नव्हती तेव्हा, तिथं लिंबाजी काचारी राहायचा. बांगड्या सगळेच काचारी करतात, पण लिंबाजीच्या हाताला काचेची गोटी साधली होती. तेलाचा दिवा पेटवून तो फुंकणीने फुंकर घाली. ज्योत सुईसारखी ताठ होई. तिच्यावर सळईच्या टोकाशी काच वितळवून तो ती अशी फिरवी, की आत रंगाची वेल चढावी. असं म्हणतात, की त्याच्या गोटीवर फुलपाखरं येऊन बसत.

एकच खोड होती. तयार गोटी ऊन राखेत पुरून दिवसरात्र निवू द्यावी लागते. लिंबाजीला तेवढा धीर नसे. ‘बिघडली तर नसेल?’ म्हणून तो राख उकरी, वारा लागे आणि गोटी तडकन फुटे.

एका वर्षी बोरजाईला न्हाऊ घालताना देवीचा काचेचा डोळा निखळून फुटला. चैत्री पुनवेला चारच दिवस उरले होते. फुटक्या डोळ्याची देवी पालखीत बसवायची नाही, अशी रीत. गावातल्या बायकांनी वाढवलेल्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे लिंबाजीच्या ओट्यावर आणून ओतले. लिंबाजीने तीन दिवसांत तीन डोळे केले आणि तिन्ही उकरून फोडले.

“अहो, अंडी उबवणारी कोंबडीसुद्धा तुमच्यापेक्षा शहाणी,” त्याची बायको तुळसा म्हणाली. “दर घटकेला उठून बघत नाही ती.”

“आता एकाच डोळ्यापुरती काच उरलीय गं. हातच कापतो माझा.”

“हात नाही, मन कापतं. तुम्ही करा. राखेचं मी बघते.”

चौथा डोळा राखेत गेला. तुळसाने खड्ड्यावर पाट टाकला आणि त्यावर मांडी घालून बसली. लिंबाजी भोवती घिरट्या घाली.

“जरा सरक. नुसता वास घेतो.”

“काचेला वास असतो होय? व्हा बाजूला!”

असं म्हणतात, की गावातल्या कोंबड्या येऊन तिच्याभोवती कडं करून बसल्या आणि त्या दिवशी एकीनेही कलकल केली नाही.

दुसऱ्या सकाळी वाजंत्री दारात आली तेव्हाच ती उठली. राखेतून डोळा निघाला, हिरवा, मधे काळी बाहुली, एकही चरा नाही. लिंबाजीने तो उजेडात धरला आणि त्याचं तोंड पुन्हा उतरलं.

“तुळसे, यात गाव उलटं दिसतंय! देवीलाही तसंच दिसलं तर?”

“दिसू दे. आजवर सरळ बघून या गावाचं काय भलं झालंय?”

माणसं हसत सुटली. डोळा बसवला आणि देवीने पापणी लववली, असं म्हणतात. निदान लिंबाजीने तरी ते पाहिलं. त्यानंतर त्याने कधी राख उकरली नाही.

हिंगोट्यात आजही पुनवेच्या आदल्या दिवशी चुलीतली राख कोणी हलवत नाही. वाढवलेल्या बांगडीचा तुकडा घरोघर त्या राखेत ठेवतात. आणि बाळंतिणीच्या खोलीबाहेर कुणी बापडा येरझाऱ्या घालू लागला, की म्हाताऱ्या त्याच्यापुढे पाट सरकवतात. “बस,” म्हणतात, “तुळसाबाईसारखा.”