सूर्याकडे निघालेली झुळूक

आभाळ अजून कोरं होतं, त्या काळची गोष्ट. भर दुपारी माळावरचा कातळ तापून लाल झाला आणि अंगाशी खेळणाऱ्या झुळकेला म्हणाला, "पोरी, सूर्याकडे जा. म्हणावं, जरा दमानं घे, नाहीतर मी तडकतो!"

झुळूक हरखली. पण मोठ्यांकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? तिनं वानवळा म्हणून तळ्याची वाफ पदरात बांधली, गाठ घट्ट मारली आणि निघाली वर! तिच्या आधारानं घारमावशीही पंख पसरून घिरट्या घेत वर चढू लागली.

पण नवलच! सूर्याच्या जवळ जावं तशी ऊब वाढायची सोडून कमीच होत गेली. वर दाटीवाटी नव्हती. झुळूक ऐसपैस फुगत गेली आणि फुगता फुगता गारठली. अंग जड झालं. ती खाली घसरू लागली.

"सोड ती गाठ!" घार ओरडली.

"वानवळा आहे तो! सूर्याला काय देऊ मग?"

"आधी पोचशील तर ना!"

झुळकेनं डोळे मिटून गाठ सोडली. वाफेचे थेंब थेंब झाले आणि वाफेत दडलेली ऊब भसकन बाहेर आली! झुळूक पुन्हा उसळली. वर, आणखी वर! थेंबांचा पांढराशुभ्र डोंगर तिच्यासोबत चढत गेला.

सूर्य मात्र अजून तितकाच लांब होता. तिला रडू आलं.

तेवढ्यात खालून कातळाची हाक आली, "पोरी, ऐकलं गं त्यानं! सावली पडली बघ!"