चंद्रकळेला स्वार हवा

जनावरंच जनावरांवर बसून शर्यती लावत, त्या काळातली ही गोष्ट. दौलतराव मुंगसाच्या चंद्रकळा घोडीला अडथळ्यांच्या शर्यतीत तोड नव्हती. पण जत्रेतली शर्यत आठवड्यावर आली आणि दौलतरावांचा पाय मोडला. घोडी बसून बसून आखडेल या धास्तीनं त्यांनी दवंडी पिटवली, "माझा पाय बरा होईपर्यंत स्वार हवा. हलका, चाबूक न उगारणारा आणि कधीही न पडणारा."

माकड आलं, ते पहिल्याच कुंपणाला पडलं. तेवढ्यात घोडीच्या कानामागून आवाज आला, "मालक, मी आजवर एकदाही पडले नाही. तुमच्या सगळ्या शर्यतींत मी वरच होते."

ती गोचीड होती. दौलतरावांनी डोकं खाजवलं, पण गोचीड सगळ्या अटींत चोख बसत होती. त्यांनी तिला नेमून टाकलं.

"अहो मालक, ती जेवते काय, एवढं तरी विचारा!" चंद्रकळा कळवळून म्हणाली.

इतक्यात एक बगळा येऊन तिच्या पाठीवर बसला. त्यानं बोलता बोलता गोचीड टिपली. "मी हलका आहे," तो म्हणाला, "पण घोडीनं उडी घेतली की घाबरून उडतो."

"म्हणजे हा दर उडीला पडणार!" दौलतराव ओरडले.

"पडू दे," चंद्रकळा म्हणाली. "मला हाच हवा."

जत्रेत बगळा अकरा वेळा उडाला, अकरा वेळा परतला आणि चंद्रकळा पहिली आली.

पाय बरा झाल्यावर दौलतरावांनी जन्मात पहिल्यांदा घोडीला विचारलं, "मी बसू का गं?"

"बसा की," चंद्रकळा म्हणाली. "फक्त उडीच्या वेळी जरा उतरता येतंय का, बघा."