पलीकडचं विरजण

सकाळचे नऊ वाजून बावीस मिनिटं झाली होती, तेव्हा हे सुरू झालं. आणि आता ऊन डोक्यावर आलं तरी विश्राम टेकडीवरच्या ताकाच्या मठात रावळबाबांपुढं बसून तेच तेच विचारत होता.

“दोन्हीकडं एकाच मिनिटाला कसं गेलं, बाबा?”

बाबा चुलीवरून उतरवलेलं दूध कोमट झालं का, ते बोट बुडवून बघत होते.

विश्रामचा धंदा जपणुकीचा. जिल्ह्यातल्या दवाखान्यांच्या नोंदी तो आपल्या यंत्रांत सांभाळायचा. कुणाला काय झालं, काय औषध दिलं, कुणाला काय सोसत नाही. एक कोठार सांगलीला आणि दुसरं पार नागपूरला. इथं अक्षर उमटलं की तिथं त्याच क्षणी उमटायचं. इथं पूर येवो नाहीतर आग लागो, तिथलं शाबूत राहणार.

ते दुसरं कोठार उभं राहिलं तेव्हा तो पेढे घेऊन मठात आला होता. बाबा, आता माझं काही मरत नाही, म्हणाला होता.

बाबांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, तिथं बसतं कोण?

कुणी लागतच नाही, असं तो हसून म्हणाला. मग आठवल्यासारखं करून म्हणाला, आहे एक मुलगी देखरेखीला, राजश्री म्हणून.

आज सकाळी कुठूनसा एक व्हायरस आत शिरला आणि सांगलीच्या नोंदींचा पार चिखल केला. नागपूरचं कोठार आज्ञेतलं. त्यानं त्याच मिनिटाला तोच चिखल उतरवून घेतला.

तेही विश्रामनं सोसलं असतं. पण मग तालुक्याच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. चार वर्षांची मुलगी, अपेंडिक्स सुजलेलं, दिवस मावळायच्या आत पोट उघडावं लागणार. मागं एकदा कुठल्याशा औषधानं ती पोर निळी पडली होती. कुठल्या, ते नोंदीत. त्या वेळचा कागद घरात कुठं सापडत नव्हता.

बाईंच्या मागं त्या पोरीच्या आईचा आवाज येत होता. पांढरी बाटली होती हो... पांढरी बाटली होती... नाव नाही मला वाचता आलं.

तो आवाज कानात घेऊनच विश्राम टेकडी चढला होता. ऑफिसात माणसं यंत्रांशी झटत होती. त्याच्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“मी काय कमी केलं, बाबा?”

“ताक घेतोस?”

“घशाखाली नाही उतरायचं.”

“आज नाहीच उतरायचं,” बाबा म्हणाले आणि कोपऱ्यातलं मडकं पुढं ओढलं. पळी दह्यात घातली, वर उचलली. दही पळीबरोबर वर आलं. लांबच लांब, चिकट, तुटता तुटेना. तार सुटली होती दह्याला.

विश्राम बघतच राहिला. या मठातलं विरजण कधी मोडलेलं नाही, हे त्याला आईनं लहानपणी सांगितलेलं. बाबांच्या गुरूंच्या गुरूंनी लावलेलं. रोज त्यातलंच पळीभर उद्याच्या दुधात जायचं. टेकडी चढून येणारा कुणीही असो, त्याला त्याच दह्याचं ताक मिळायचं.

बाबा उठले. मडकं घेऊन अंगणात गेले आणि फणसाच्या बुडाशी ओतून दिलं. सगळं. तळ खरवडून.

विश्राम मागोमाग अंगणात धावला.

“बाबा... ते तर संपलं मग.”

बाबांनी मडकं राखेनं घासलं, तीनदा विसळलं आणि भिंतीवर पालथं घातलं. ओढ्यापलीकडच्या वाडीतून ती भिंत दिसते. मग उन्हात पाय पसरून बसले. चेहऱ्यावर ना दुःख, ना घाई.

विश्रामच्या खिशात फोन थरथरला. राजश्री. सकाळपासून कितव्यांदा तरी. त्यानं तो उचलला नाही. तिच्याशी बोलायचं तोंड नव्हतं त्याला. कोठार उभं राहताना ती म्हणाली होती, सर, इथली प्रत थोडी मागं राहू दे. निदान एक तरी वेगळी, कशाला न जोडलेली असू दे. तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, आरसा उद्या तोंड दाखवणार असेल तर घरात ठेवायचा कशाला? सगळे हसले होते. ती पण हसली होती, थोडी उशिरा.

ऊन थोडं कललं.

मग ओढ्याच्या वाटेनं वाडीतली तानूआक्का आली. डोईवर चुंबळ, चुंबळीवर दह्याचं गाडगं. विश्रामकडं न बघताच तिनं बाबांना झोडायला घेतलं.

“दूध चुलीवर ठिवून ध्यानाला बसला असशीला. मडकं पालथं दिसलं, तवाच म्हनलं, नासवलं बाबांनी.”

“नासलं खरं,” बाबा म्हणाले.

विश्रामला राहवलं नाही. त्यानं विचारलं, “आक्का, हे मठातलंच ना? मग तुमच्याकडचं कसं नाही बिघडलं?”

“मठातलंच की. माज्या आजेसासूनं न्हेल्यालं. तवापासनं आमी आमचं लावतोय. रोज कोन येतंय हितलं न्यायला?”

मठातलं चांगलं असलं तरी बाबा वर्षातून एकदा तिच्याकडून मागून नेतात, म्हणजे खोडच आहे त्यांना, असंही तिनं सांगितलं. आणि गाडगं उतरवलं.

“आणि हिला सांगून थकलो,” बाबा विश्रामकडं वळून म्हणाले. “मी लावतो तसंच लाव म्हटलं. ही दूध आटवते, गाडगं राखेत ठेवते. आजवर माझं ऐकलं नाही.”

“ऐकनार बी न्हाई,” आक्का म्हणाली.

बाबांनी वाटीत घोटभर दही काढून विश्रामपुढं धरलं. त्यानं जिभेला लावलं.

तीच चव. लहानपणी आईच्या कडेवरून इथं आला होता, तेव्हाची. आत्ता डोळ्यांदेखत फणसाच्या बुडाशी ओतलं गेलं होतं, ते वाटीत होतं. आपण कुठं बसलोय, तेच क्षणभर त्याला कळेना.

मग तो उठला आणि अंगणाच्या कडेला जाऊन त्यानं राजश्रीला फोन लावला.

राजश्री भीत भीत बोलली. सर, रागावू नका. दर रविवारी मी एक प्रत काढून वेगळी ठेवते, कशालाच न जोडलेली. तुम्ही नको म्हणाला होतात... या रविवारची आहे. उघडून बघितली मी, सगळं नीट आहे. तेच सांगायला सकाळपासून...

“एका पोरीचं नाव लिहून घे,” विश्राम म्हणाला. “कुठलं औषध सोसत नाही, ते आधी डॉक्टरीणबाईंना कळव. मग मला.”

तो तसाच उभा राहिला. खाली ओढा, पलीकडं वाडी. वाडीतल्या एका घरातून धूर वर जात होता.

थोड्या वेळानं फोन आला. औषधाचं नाव सापडलं होतं. बाईंनी दोनदा वाचून घेतलं होतं. पोरीला आत घेत होते. रविवारनंतरचं सगळं गेलं होतं, ते दवाखान्यांतल्या कागदांवरून पुन्हा भरावं लागणार होतं. विश्रामला त्याचं काही वाटलं नाही.

तो परत आला आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवून तसाच राहिला.

“मला काही सांगा, बाबा.”

बाबांनी आक्काच्या गाडग्यातलं पळीभर दही एका डबीत घातलं, झाकण घट्ट लावलं आणि डबी त्याच्या हातात दिली.

“त्या नागपूरच्या मुलीला दे. म्हणावं, पुढं आणखी चार घरी वाट...”

विश्राम पायरी उतरायला लागला, तेव्हा बाबांनी पुन्हा हाक मारली.

“आणि विश्राम... कसं लावायचं, ते मात्र तिला सांगू नकोस.”